सौ. सुलोचना देसाईंचं पुस्तक

तस्नीमनं काही म्हणायच्या आत आईनं तिच्यापुढे बिनसाखरेचा चहा ठेवला.

"साखर?" मी विचारलं.

"ती घेत नाही," आई म्हणाली आणि दुसरा कप माझ्या हातात दिला.

मी एक घोट घेतला. नेहमीसारखी दोन चमचे साखर होती. साखर सोडून मला दोन वर्षं झाली होती. मी कप खिडकीत ठेवून दिला.

नानांचं, माझ्या वडिलांचं, तेरावं होऊन आठवडा झाला होता. मध्ये मी पुण्याला जाऊन त्या सकाळीच परत आले होते. तस्नीम मुजावर मिरजेहून दोन एसट्या बदलून गडहिंग्लजला आली होती, पाठीवर लॅपटॉपची पिशवी आणि हातात सीताफळं. कॉम्प्युटरच्या टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. आत आल्यावर तिनं कुणी न सांगता डावीकडची ओढून घेतली. उजवीकडची नानांची. म्हणजे डावीकडची तिची होती, हे मला त्या दिवशी कळलं. मी पलंगावर बसले.

"ताई, सरांचा फोन तुमच्याकडेच आहे ना?"

"आहे." तो माझ्या मांडीवरच होता.

"त्यावर ओटीपी येईल. दोनदा."

"दोनदा कशाला?"

"एकदा सरांच्या प्लगइनची नवी आवृत्ती चढवताना. आणि एकदा मालकाचं नाव बदलताना. सरांच्या जागी माझं घालते. म्हणजे परत तुम्हाला त्रास नको."

"बघू," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि लॅपटॉप उघडला. "बघू" म्हणजे काय, हे तिला कळलं असावं.

नाना गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल होते. त्यांच्या निवृत्तीच्या सुमाराला तिथं ब्राउझरमध्ये चालणारं एक सॉफ्टवेअर आलं. फुकटचं, परदेशी आणि कामाला चोख. फक्त त्याला आपली माणसं कळेनात. सभासदांची यादी काढली की निम्मं गाव 'श्री' खाली आणि उरलेलं 'सौ' खाली. गं. भा. वेगळ्या, ह. भ. प. वेगळे. पुस्तकं देणगी देऊन गेलेले सगळे कैलासवासी 'क' मध्ये दाटीवाटीनं उभे. आडनावाचा पत्ता नाही. नाना अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रोग्रॅमिंग शिकले आणि त्यांनी यावर एक प्लगइन लिहिलं. मूळ सॉफ्टवेअरला धक्का न लावता बाहेरून जोडायचा तुकडा. "सायकलला डायनॅमो लावतात की नाही, तसा," ते सांगायचे. "सायकल त्यांची, उजेड आपला." आजूबाजूच्या वाचनालयांनी तो डायनॅमो मागून नेला, मग लांबच्यांनी.

नवी आवृत्ती देण्याआधी ती तपासावी लागे. नाना रविवारी सकाळी मला पुण्याला फोन करत. मी इकडे पान उघडून बसायची.

"लिही. सौ. सुलोचना आप्पासाहेब देसाई."

"लिहिलं."

"कुठं बसल्या?"

"द मध्ये. देशपांड्यांच्या खाली."

"आणि 'सौ.' कुठं गेलं?"

"गेलं."

"शाबास. चपला आणि उपाध्या दारात काढायच्या. आत सगळे सभासद."

नावं नानांनी मनानं रचलेली असत. पण एकदा नाव ठेवलं की त्यांना राहवायचं नाही. सुलोचनाबाईंनी लोणच्यांचं पुस्तक नेलं होतं आणि त्या ते परत करत नव्हत्या. पहिल्या महिन्यात त्यांच्या सासूबाई आल्या. मग कैऱ्या संपल्या आणि लिंबं सुरू झाली. मग पुस्तकावर तेलाचा डाग पडला आणि त्यांना ते दाखवायची लाज वाटू लागली. गं. भा. काशीबाई पोतदार यांना पोलिसी कादंबऱ्या लागत आणि त्या शेवटचं पान आधी वाचत. ह. भ. प. केरबा सुतार दर वेळी पंचांग मागत. प्रत्येक नाव टाकायचं, शोधायचं, खोडायचं, परत टाकायचं. तासभर तरी जाई. मी कुरकुरायची. "नाना, हे काम कुठल्याही शहाण्या माणसानं मशीनला लावलं असतं."

"शहाणा माणूस कुठनं आणू? तू आहेस."

मग तस्नीम आली. आधी तिची मेल आली. मिरजेच्या एका वाचनालयाला तिच्या आजोबांनी पुस्तकं दिली होती. तिनं लिहिलं होतं, 'मरहूम इब्राहिम मुजावर यांचं नाव आपल्या प्लगइननं म मध्ये लावलं आहे. जागा बरोबर आहे, पण कारण चुकीचं आहे.' उपाध्यांमध्ये नानांनी 'कै.' घेतलं होतं, 'मरहूम' घ्यायचं राहिलं होतं. आडनावही म वरूनच असल्यामुळे चूक दिसत नव्हती, एवढंच. हे वाक्य नानांनी मला तीन वेगवेगळ्या रविवारी ऐकवलं. "काय मुलगी आहे बघ. जागा बरोबर, कारण चुकीचं! इंजिनिअर आहे, पण वाचते." मीही वाचत होते. त्यांच्याच वाचनालयात, लहानपणापासून. ते मी बोलले नाही.

वर्षभरात तिनं सगळं मशीनला लावलं. एक कळ दाबली की सगळी नावं आपोआप टाकली जात, शोधली जात, पडताळली जात. सगळं बरोबर निघालं तर त्याच नावांची चित्रं घेऊन मदतीची पानं नव्यानं तयार होत. ती झाली की सगळ्याचं एक गाठोडं बांधलं जाई, वाचनालयांनी उतरवून घेण्याजोगं. मध्ये कुठंही खोट आढळली की काम तिथंच थांबे आणि पडद्यावर लाल ओळ येई.

"उल्का, आता तुला त्रास नाही," नाना म्हणाले. "चहा गाळून होईस्तोवर हिरवं येतंय."

पुढच्या रविवारीही त्यांचा फोन आला. जेवण झालं का, झालं. आई काय करते, निवडतेय. बरं. बरं. मग त्यांनी फोन ठेवला. त्याच्या पुढचा फोन मी केला, तेव्हा आईनं उचलला. "ते आत तस्नीमबरोबर बसलेत. काही निरोप आहे?"

नंतर नाना आजारी पडले आणि आम्हाला बोलायला विषय मिळाला.

"ताई, सुरू करते," तस्नीम म्हणाली. 

घाई होती हे खरंच. मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती आणि तिच्यावर नानांचं जुनं प्लगइन चालत नव्हतं. गावोगावची माणसं परत 'श्री' खाली जमा झाली होती. नानांच्या फोनवर ग्रंथपालांचे फोन येत होते. ज्यांना बातमी कळली नव्हती ते "काय नेसरीकर सर, विसरला काय आम्हाला?" अशी सुरुवात करत. हॉस्पिटलात जायच्या आधी नानांनी दुरुस्ती करून ठेवली होती. राहिलं होतं ते फक्त गाठोडं बांधून चढवायचं.

तिनं कळ दाबली. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. मी न बघितल्यासारखं करून बघत होते. सुलोचना देसाई, हिरवं. काशीबाई पोतदार, हिरवं. केरबा सुतार, हिरवं. आमचा अख्खा रविवार डोळ्यांसमोरून धावत गेला.

मग सगळं थांबलं. लाल.

तस्नीम वाकून वाचू लागली. मग मागे सरकली. मी उठून तिच्या खांद्यावरून बघितलं. लिहिलं होतं: 'चपला आणि उपाध्या दारात काढाव्यात.' आणि खाली: 'कर्ता: कै. वसंत नेसरीकर.'

"हे कुणी लिहिलंय?" मी विचारलं.

"वरची ओळ सरांचीच. चूक सापडली की काय म्हणायचं, ते त्यांनीच लिहून दिलं होतं." ती जरा थांबली. "खालची मी काल रात्री बदलली. कै. घातलं. मागे मी एकदा 'आदरणीय श्री. वसंत नेसरीकर सर' असं घातलं होतं, तेव्हा सर इतके ओशाळले की कर्त्याचं नावसुद्धा चाळणीतून जाईल अशी तपासणी त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली. मी विसरूनच गेले होते."

"चपला आणि उपाध्या, हे त्यांनी तुला सांगितलं होतं?"

"ही ओळ दिली होती. का हो?"

"काही नाही. कै. लिहायचं तू कसं ठरवलंस?"

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. "मी सांगितलं तिला फोनवर. उत्तरकार्याच्या पत्रिकेवर लिहिलं, मग इथं नको? लोक काय म्हणतील?"

"मला विचारलं नाहीस."

"तू फोन उचलतेस होय!"

"काकू, मी एक अपवाद घालते," तस्नीम मध्येच म्हणाली. "एका ओळीचं काम आहे. फक्त सरांच्या नावापुरता."

"अपवाद घालायचा नाही," मी म्हणाले.

"पण ताई—"

"त्यांनी घातला नसता."

तस्नीमनं आईकडे बघितलं. आईनं पदराला हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली. "काढ तर मग," ती म्हणाली. "दारातच राहू दे ते. घरात काय आपण कै. म्हणून हाक मारत होतो?" आणि ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला नाही.

तस्नीमनं कर्सर नावापाशी नेला. ती अक्षरं खोडताना तिची बोटं आधी दोनदा मागे आली. मला ते बघायचं नव्हतं. रडायचा हक्क या घरात कुणाकुणाला होता, याचा माझ्या मनात तेव्हा पक्का हिशेब होता आणि त्यात ती बसत नव्हती.

या खेपेला शेवटपर्यंत हिरवं आलं. मदतीची पानं तयार होऊ लागली. पहिल्याच पानावर चित्र होतं: रकान्यात 'सौ. सुलोचना आप्पासाहेब देसाई', शेजारी बाण, आणि यादीत द खाली 'देसाई, सुलोचना आप्पासाहेब'. हे पान आता सगळ्या वाचनालयांच्या पडद्यावर जाणार. कुणीही उघडणार, बघणार आणि पुढे जाणार.

"गाठोडं तयार आहे," ती म्हणाली. "ताई, ओटीपी मागवू?"

"आधी हे नाव काढ."

"कुठलं?"

"सुलोचना देसाई. चित्रातून काढ, तपासण्यांतून काढ, सगळीकडून काढ. काशीबाई पण. केरबा सुतार पण. मग फोन देते."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग तिनं माझा चेहरा बघितला.

"नावं काढली तर मशीन तपासणार काय?"

"तुझी घाल. तुझी असतीलच."

"आहेत की." तिनं नावांचं पान उघडलं आणि खाली नेलं. हाजी दस्तगीर जमादार. कु. नसीमबानू शेख. प्रा. गुलाब नदाफ. बरीच होती. आमच्याहून जास्त. मी ती एकेक करून वाचली. ही दोघांनी मिळून रचली असणार, याच दोन खुर्च्यांवर बसून, हसत.

"हे नदाफ काय वाचतात?" माझ्या तोंडून गेलं.

"काय वाचतात म्हणजे?"

"नसीमबानूनं कुठलं पुस्तक नेलंय?"

"कुठलंच नाही. नावं आहेत ती ताई, तपासण्यापुरती." तिनं पान परत वर नेलं आणि सुलोचनाबाईंच्या ओळीवर बोट ठेवलं. "गोष्टी असतात त्या यांना. म्हणजे असाव्यात. इथं पुस्तकाच्या रकान्यात 'अजून परत नाही' असं लिहिलंय. तपासणीला त्याची काही गरज नाही. मी खोडायला गेले तर सर म्हणाले, राहू दे. मी विचारलं, का? या कोण आहेत? तर हसले. म्हणाले, 'ते उल्काला विचार. ती तिची सभासद आहे.'"

तो रकाना मी पुन्हा वाचला.

"दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी जरा चिडलेच होते," तस्नीम म्हणाली. ती माझ्याकडे नाही, पडद्याकडे बघत होती. "दर रविवारी मी मिरजेहून यायची. पोरीबाळी कुठं कुठं फिरायला जातात, आणि मी इथं. तपासण्या मी लिहिल्या, पानं मी केली. आणि सर आपले, ही उल्काची, ही उल्काची, यांना हात लावू नकोस, असं करत नावं बाजूला काढायचे. म्हटलं, निदान सांगा तरी, त्या बाईंनी नेलंय काय. तर म्हणाले, 'तिच्याशी बोलायला तेवढंच उरलंय, ते पण तुला दिलं तर?'"

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती दोन-तीन वेळा खोकून बंद पडली.

"मग बोलले का नाहीत?" मी म्हणाले. ते मी तिला विचारत नव्हते.

"म्हणायचे, तिची कामं असतात. उगाच बिनकामाचा फोन कसा करायचा." तिनं सगळ्या ओळी निवडल्या. सुलोचनाबाईंपासून केरबा सुतारांपर्यंत सगळं निळं झालं. बोट कळीवर ठेवून तिनं विचारलं, "काढू?"

मी त्या निळ्या ओळी बघत राहिले.

"राहू दे."

"नक्की?"

"राहू दे म्हटलं ना. मागव तुझा ओटीपी."

नानांचा फोन माझ्या मांडीवर थरथरला. मी एकेक आकडा वाचला, तिनं टाकला. पडद्यावर एक पट्टी भरत गेली आणि नानांची शेवटची आवृत्ती गावोगाव जायला मोकळी झाली. तस्नीमनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"काकू," ती आत बघून म्हणाली, "चहा कराल परत? आणि ताईंना पण बिनसाखरेचाच करा. मघाचा कप तसाच आहे खिडकीत."

आई बाहेर आली. तिनं कप बघितला, मला बघितलं. "अगं, मग सांगायचंस की! तोंड शिवलं होतं काय?" 

तस्नीमनं हे ओळखावं, याचा मला मघापेक्षाही जास्त राग आला.

फोन पुन्हा थरथरला. दुसरा ओटीपी. मालकाचं नाव बदलायचा.

"सांगा, ताई."

आकडे माझ्यासमोर होते. मी फोन उलटा करून पलंगावर ठेवला.

"नाही."

"नाही म्हणजे? काम तर झालं की आता. मी काय पळवून नेणार आहे का?"

"नाव नानांचंच राहील. पुढच्या आवृत्तीला मला फोन कर. मी आकडे सांगेन."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"पण उगाच तुम्हाला त्रास—"

"होऊ दे," मी म्हणाले.

तस्नीम रागावली. लॅपटॉप मिटताना त्याचा जरा आवाज झाला. आई चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघी दोन दिशांना बघत होतो. "काय गं आडमुठी पोर," आई मला म्हणाली. मग तस्नीमकडे वळून, "बापावर गेलीय. तू मनावर घेऊ नकोस." नानांची खुर्ची मध्ये रिकामी होती. थोड्या वेळानं आईच तिच्यावर बसली आणि तिनं सीताफळाची पाटी पुढे ओढली.

निघताना तस्नीम दारात चप्पल घालत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "ताई, एवढं तरी सांगा. सुलोचनाबाईंनी केलं का परत पुस्तक?"

"अजून नाही," मी म्हणाले.

"कुठलं पुस्तक?"

मी सांगितलं नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. तस्नीम हैदराबादला असते. तिला एक मुलगी आहे, ती फोनवर मागे गोंधळ घालते. नानांच्या नंबरावर मी न चुकता रिचार्ज करते. घरातले विचारायचे, आता विचारत नाहीत. नवी आवृत्ती निघाली की तस्नीम रविवारी सकाळी फोन करते. मी नानांच्या फोनवरचे आकडे वाचते, ती टाकते. तासभर काही लागत नाही. चहा गाळून होईस्तोवर होतं. शेवटी ती विचारते, "ताई, केलं का परत?" मी म्हणते, "अजून नाही." ती म्हणते, "कमाल आहे हं बाईंची." आम्ही फोन ठेवतो.

ती गोष्ट मी तिला दिलेली नाही. देणारही नाही.

पण फोन ठेवल्यावर मला काही सुचत नाही, मी तशीच बसून राहते. नवं कारण लागतं. जुनी सगळी नानांनी वापरून टाकली आहेत. गेल्या रविवारी बऱ्याच वेळानं एक सापडलं. सुलोचनाबाई पुस्तक परत करायला निघाल्या होत्या, खरंच निघाल्या होत्या, पिशवीत घालून, डागाचं पान आतल्या बाजूला करून. पण वाचनालयाच्या दाराशी गेल्यावर त्यांनी विचार केला, हे एकदा परत केलं की मग इथं कोणत्या निमित्तानं यायचं. आणि त्या चपला न काढताच मागे फिरल्या.